पदवी, नोकरी आणि कुंभाराचे गाढव

 

मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले, त्यांत एका पालकांचा प्रश्न होता. "मुलगा बारावी झालाय. बी. ए. किंवा बी. कॉम. करून नोकरी लागते का हो? की तीन वर्षे फुकट?" संयोजक आम्हाला म्हणाले, सर, याचे दोन ओळींत उत्तर देऊन टाका. आम्ही म्हटले, दोन ओळींत देता आले असते तर ते १८८२ सालीच दिले गेले असते. त्या साली सरकारने हंटर आयोग नेमला होता. साक्षीदारांना पाठवलेल्या प्रश्नांच्या यादीत एक प्रश्न असा होता की, तुमच्या प्रांतातल्या शिकलेल्या एतद्देशीयांना चरितार्थाचे काम सहज मिळते काय? म्हणजे बघा, प्रश्न १४० वर्षांहून जुना आहे. मुंबई विद्यापीठ तेव्हा जेमतेम २५ वर्षांचे होते. म्हणून आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू. उत्तर शेवटी देऊ, टाळणार नाही.

आमचा विषय तत्त्वज्ञान, तेव्हा सुरुवात न्यायशास्त्रापासून केली तर रागावू नका. नैयायिकांचे आवडते उदाहरण म्हणजे मडके. मडके कशामुळे झाले? माती आहे, चाक आहे, चाक फिरवायचा दांडा आहे, कुंभार आहे. ही सगळी कारणे. पण ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली, ते गाढवही मडके होण्याआधी तिथे हजर होतेच. कुंभाराचा बापही आधी होताच, त्याच्याशिवाय कुंभार कुठून येणार? मग त्यांनाही कारण म्हणायचे का? नैयायिक म्हणतात, नाही. नुसते आधी हजर असणे म्हणजे कारण असणे नव्हे. ज्याच्यावाचून मडक्याचा उलगडा होऊ शकतो, ते 'अन्यथासिद्ध'. गाढव अन्यथासिद्ध, बापही अन्यथासिद्ध.

आता आपला प्रश्न असा मांडा. नोकरी हे मडके. त्याच्या आधी पदवी हजर असते, हे खरे. पण ती दांडा आहे की गाढव?

पदवी नव्हती तेव्हा काय होते, ते आधी पाहू. पेशवाईतला कारकून कुठल्या परीक्षेला बसत नसे. मोडी वळण, हिशेब, पत्राचा मायना हे सगळे तो कचेरीतच शिके. काका किंवा मामा कचेरीत असे, त्याच्या ओळखीने पोरगा जाऊन बसे, बिनपगारी राबे, आणि जागा कधी रिकामी होते याची वाट पाही. त्याला 'उमेदवार' म्हणत. उमेद धरून बसलेला तो उमेदवार. आज निवडणुकीला उभा राहतो त्याला आपण हा शब्द वापरतो. असो. मुद्दा असा की कामाचे शिक्षण कामावरच होई, पण दारातून आत कोण जाणार हे घराणे आणि जात ठरवी. न्यायशास्त्रात कुंभाराचा बाप अन्यथासिद्ध असेल, कचेरीत मात्र तोच मुख्य कारण होता.

इंग्रजी अमलात हे बदलू लागले. ऑक्टोबर १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंज यांच्या सरकारने कलकत्त्याला ठराव केला की, नव्या शिक्षणसंस्थांतून शिकून निघालेल्यांना सरकारी नोकरीत पसंती द्यावी. १८५४ च्या वुडच्या खलित्यात तेच धोरण पुढे चालवले गेले. शिक्षण आणि नोकरी यांची गाठ इथे अधिकृतपणे मारली गेली. ही गाठ लक्षात ठेवा, कारण १४२ वर्षांनी ती सोडवायचाही ठराव झाला. तिकडे आपण येऊ.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी तीन विद्यापीठे निघाली. त्यांचा नमुना लंडन विद्यापीठाचा. म्हणजे विद्यापीठ स्वतः शिकवणार नाही. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. आपल्याकडे विद्यापीठ जन्माला आले तेच मुळी परीक्षा घेणारी कचेरी म्हणून. शिकवणे ही गोष्ट मागाहून आली. आज कुणी म्हणाले की आमच्या विद्यापीठांत परीक्षेखेरीज काही होत नाही, तर त्यांना सांगा, घराण्याचा गुण आहे तो.

मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. १८६२ साली झाले. चौघेच. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांपैकी एकालाही 'बी. ए. करून काय मिळाले' असे विचारायची वेळ आली नाही. रानडे पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, भांडारकर प्राध्यापक आणि नंतर कुलगुरू. आता प्रामाणिकपणे विचारा, हे पदवीने झाले की त्यांच्या बुद्धीने? दोन्हीने. पण तिसरे एक कारण होते, ते आपण विसरतो. पदवीधर चार होते आणि जागा पुष्कळ होत्या. सोन्याला किंमत असते ती ते कमी असते म्हणून. रस्त्यावर पडलेले असते तर त्याने आपण वाटा बांधल्या असत्या.

पंचवीस वर्षांत चित्र पालटले. त्यात एक गंमत आहे. ज्यांना मोठ्या सरकारी जागा मिळू शकल्या असत्या, त्यांतल्याच काही तरुणांनी त्या नाकारल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली. १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, चिपळूणकर, टिळक, नामजोशी, आणि पाठोपाठ आगरकर आले. आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुलगा मोठ्या परीक्षा पास झाला, आता मोठ्या पगाराची नोकरी करील आणि आपले पांग फेडील, असे मनोरथ करू नकोस, असा त्याचा आशय. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षे महिना ७५ रुपयांवर शिकवले.

हे पत्र आम्ही आमच्या वर्गात दरवर्षी सांगत असू. विद्यार्थी भारावून जात. एकदा मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, आगरकरांना नोकरी सोडता आली, कारण ती मिळत होती." वर्ग हसला. आम्हीही हसलो. घरी येताना मात्र हसू राहिले नाही. जे हातात येऊ शकते, त्याचाच त्याग होतो. ज्याला मिळणारच नाही, त्याला त्यागाचा उपदेश करणे सोपे असते, आणि तो उपदेश आम्ही महिन्याच्या एक तारखेला पगार घेऊन करत होतो. आमची तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट आत्म्याच्या शोधासाठी होती असे आम्ही म्हणायचो, पण तिच्या जोरावर मिळालेला वाढीव पगार आम्ही परत केला नाही.

आता हंटर आयोगाकडे परत जाऊ. त्याच १८८२ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी आयोगाला निवेदन दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सरकारचा महसूल येतो तो शेतकऱ्याच्या घामातून, आणि उच्च शिक्षणावर तो खर्च होतो त्याचा लाभ वरच्या वर्गांना. म्हणून आधी गावोगाव प्राथमिक शिक्षण द्या. एवढे बहुतेकांना माहीत असते. पण निवेदनाच्या शेवटाकडे ते आणखी एक गोष्ट म्हणतात. आजचे शिकलेले लोक संख्येने फारच थोडे आहेत, ते शंभरपट व्हावेत, आणि त्यांनी नोकरीच्या मागे न लागता उपयोगी आणि चार पैसे मिळवून देणाऱ्या धंद्यांत पडावे. पुण्यामुंबईत 'शिकलेले फार झाले' अशी कुरकुर सुरू होती, तेव्हा हा माणूस म्हणतो, शंभरपट करा. आमच्या मते त्या साऱ्या साक्षींमधले हे सर्वांत दूरचे पाहणारे वाक्य आहे. शिक्षण कमी करा असे ते म्हणत नाहीत. शिक्षण आणि सरकारी खुर्ची यांची गाठ सैल करा, असे म्हणतात.

याच्या उलट बाजूने विचार केला राजर्षी शाहू महाराजांनी. २६ जुलै १९०२ चा कोल्हापूरचा जाहीरनामा आपण 'आरक्षणाचा जाहीरनामा' म्हणून ओळखतो. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना. पण त्यातली कारणमीमांसा वाचा. सर्व वर्गांत शिक्षण पसरावे म्हणून प्रयत्न केले, पण म्हणावे तसे यश आले नाही. का? तर उच्च शिक्षणाचे फळ पुरेसे सर्वदूर वाटले जात नाही म्हणून. महाराज कार्यकारणभाव उलटा करतात. आपण म्हणतो, शिक, म्हणजे नोकरी लागेल. महाराज म्हणतात, आधी नोकरी लागते असे दिसू दे, मग लोक शिकतील. ज्या वाडीतला एकही माणूस शिकून कचेरीत गेलेला नाही, त्या वाडीतला बाप पोराला गुराकडून काढून शाळेत का घालील? आम्ही आयुष्यभर कारणवाद शिकवला, पण कारणाची दिशा इतक्या थोड्या शब्दांत फिरवलेली क्वचितच पाहिली.

तरीही पदवी म्हणजे सर्व काही नाही, याचा सर्वांत बोचरा पुरावा त्याच काळातला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकले. करारानुसार १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. न्यूयॉर्कमध्ये शिकलेला अर्थशास्त्रज्ञ, हातात नोकरी आहे, आणि त्या शहरात त्याला राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. त्यांना बडोदे सोडावे लागले. पदवी होती, नोकरी होती, तरी मडके फुटले. कारण पदवी परीक्षक देतो, पण तिचा मान समाज राखतो. आणि तरीही याच बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले. ज्याला पदवीची मर्यादा इतरांपेक्षा जास्त ठाऊक होती, त्याने ती आपल्या माणसांसाठी फालतू ठरवली नाही. याचा अर्थ आपण लावायला हवा.

महर्षी कर्व्यांचे उदाहरणही घ्या. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. मराठीतून शिक्षण आणि पदवीचे नाव 'गृहीतागमा', जी. ए. सरकारची मान्यता नाही. कायद्याची मान्यता मिळायला स्वातंत्र्य यावे लागले. मान्यता नसलेली पदवी बायकांनी घेतली, हा तेवढाच मोठा पुरावा, की पदवीचे सगळे मोल नोकरीत नसते.

आता आमच्या पिढीकडे या. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ, १९६२ साली शिवाजी विद्यापीठ. त्याच १९६२ च्या १ मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा तालुक्यांना पोचल्या. सहकारी साखर कारखाने उभे राहत होते, गावोगाव हायस्कुले निघत होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'तून तयार झालेली मुले मास्तर होत होती. त्या काळात शेतकऱ्याचा पोरगा बी. ए. झाला की दोनपाच वर्षांत कुठेतरी चिकटायचा. आम्हीही त्याच मातीचे मडके. आमचे वडील सहावी. पदवी मिळाली आणि आम्हाला वाटले, पदवीने नोकरी दिली. आज मागे वळून पाहताना कळते की पदवीने फक्त रांगेत उभे केले. दुकानात माल त्या वेळी भरत होता, म्हणून रांगेतल्या बहुतेकांना मिळाला.

हा फरक नीट समजून घ्या, कारण सगळी फसगत इथेच होते. पदवी रांगेतला आपला नंबर ठरवते, दुकानातला माल वाढवत नाही. एकाने पदवी घेतली तर तो चार पावले पुढे जातो. सगळ्यांनी घेतली तर सगळे आहेत तिथेच राहतात, आणि पुढे जाण्यासाठी आता एम. ए. लागते. सभेत एक जण उभा राहिला तर त्याला जास्त दिसते, सगळेच उभे राहिले तर फक्त पाय दुखतात.

माल आटू लागला तेव्हा सरकारलाही हे कळले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव आणि व्यवसाय शिक्षणावर भर दिला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर ठराविक क्षेत्रांत पदवी आणि नोकरी यांची फारकत करावी असे स्पष्टच म्हटले. १८४४ ला मारलेली गाठ १९८६ ला सोडवायला घेतली. सुटली का? २०२३ ची तलाठी भरती आठवा. जागा ४,६४४, पात्रता कोणतीही पदवी, आणि अर्ज १० लाखांच्या वर. कागदावर फारकत, व्यवहारात संसार चालूच.

केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीचे आकडे सांगतो. २०२२-२३ मध्ये १५ वर्षांवरील लोकांत बेरोजगारीचे प्रमाण ३.२ टक्के होते. पदवीधरांत ते १३.४ टक्के. म्हणजे चौपट! हे आकडे दाखवून हल्ली लोक म्हणतात, बघा, शिकल्याने बेकारी वाढते. थांबा. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटायची आहे, तो बेकार राहूच शकत नाही. तो मिळेल ते करतो, वीटभट्टीवर जातो, आणि पाहणीत 'कामावर' म्हणून मोजला जातो. वाट पाहत बसायला घरात चार दाणे लागतात. पदवीधर बेकार दिसतो, कारण तो थांबलेला असतो. काही अंशी ही बेकारी आहे, काही अंशी ती जुनीच 'उमेदवारी' आहे. तेव्हा कचेरीच्या ओट्यावर बसत, आता अभ्यासिकेत बसतात.

आणि हे थांबणे किती महाग पडते, ते आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या हाताखाली पीएच. डी. केलेला एक विद्यार्थी. सेट पास, प्रबंध उत्तम. आज चाळिशी ओलांडली. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, तासागणिक पैसे, तेही काही महिन्यांनी एकदम. सुट्टीत काही नाही. वडिलांनी शिक्षणासाठी एक एकर विकले होते. "सर, तत्त्वज्ञान घेऊ का?" असे त्याने आम्हाला विचारले होते, आणि आम्ही म्हटले होते, घे, ज्ञान कधी वाया जात नाही. वाक्य खरे होते. पण त्याने ज्ञानाबद्दल विचारले नव्हते, पोटाबद्दल विचारले होते. त्या प्रश्नाला उत्तर न देता आम्ही दुसऱ्याच प्रश्नाला उत्तर दिले. न्यायशास्त्रात याला 'छल' म्हणतात, समोरच्याच्या शब्दाचा भलताच अर्थ धरून बोलणे. आम्ही ते जाणूनबुजून केले नाही, तरी घडले ते घडले. तो आजही गुरुपौर्णिमेला येतो, आणि काही बोलत नाही. आजचे व्याख्यान आम्ही का घेतले, असे विचाराल तर हे त्याचे खरे कारण.

तर मग दांडा की गाढव? आमचे उत्तर असे. ज्याच्या घरी दुकान आहे, ओळखी आहेत, शहरात फ्लॅट आहे, त्याच्या बाबतीत पदवी हे बहुधा गाढवच. ती नसती तरी त्याचे मडके झाले असते. 'डिग्रीत काय ठेवलंय' हे वाक्य तुम्ही कोणाच्या तोंडून ऐकता ते पाहा. बहुतेक वेळा ते अशाच माणसाचे असते, आणि त्याची स्वतःची मुले कॉलेजात असतात. ज्याला यातले काही नाही, त्याला पदवी हा दांडा आहे, कधीकधी एकमेव. अनोळखी माणसाला 'तुझा बाप कोण' असे न विचारता 'तू काय पास झालास' असे विचारणारी दुसरी व्यवस्था आपण अजून उभी केलेली नाही. फुल्यांनी, शाहूंनी, बाबासाहेबांनी शिक्षण धरून ठेवले ते यासाठी.

पण नुसत्या दांड्याने मडके होत नाही. चाक लागते, ते म्हणजे हाताला येणारे एखादे काम. माती लागते, ती म्हणजे नोकऱ्या. त्या कॉलेज निर्माण करत नाही. शेती, कारखाने, व्यापार आणि सरकार करते. मातीचा दोष दांड्याला देऊ नका, आणि माती नसल्याचा दोष पोराला तर मुळीच देऊ नका.

म्हणून त्या पालकांना आमचे सांगणे. पदवी जरूर करू द्या, पण जमीन विकून नाही. जवळच्या, कमी फीच्या कॉलेजात करू द्या. त्या तीन वर्षांत त्याला एक काम हाताने शिकू द्या, मग ते जीएसटीचे हिशेब असोत, वायरिंग असो नाहीतर दुकानात बसणे असो. 'कमवा आणि शिका' हे गरिबांपुरते नव्हते, आता तर ते सगळ्यांना लागू आहे. स्पर्धा परीक्षेला बसायचे असेल तर किती वर्षे थांबायचे ते पहिल्या दिवशी घरात बसून ठरवा, आणि तो आकडा भिंतीवर लिहा. आणि पदवी झाल्यावर वर्षभर नोकरी लागली नाही, तर पोराला नालायक म्हणू नका. त्याचे शिक्षण काही उतरून ठेवता येत नाही, ते त्याच्याजवळ राहतेच. ते कधी उपयोगी पडेल हे सांगता येत नाही, पण पोट तोवर थांबत नाही, एवढे मात्र आम्ही आता आधी सांगतो.

आमचे बोलणे संपले. आता प्रश्न विचारा. आणि कृपा करून विद्यार्थ्यांना आधी विचारू द्या, आम्हा निवृत्तांना वेळ भरपूर आहे.